सुंता : धर्माची की दवाखान्याच्या बिलाची?

सुंता म्हटले की आपल्याकडे फक्त मुसलमान आठवतो. फाळणीच्या काळात आणि त्यानंतरच्या दंगलींतही माणसाचे कपडे उतरवून त्याचा धर्म तपासला गेला. त्यामुळे हा विषय निघाला की एक तर टिंगल होते, नाही तर द्वेष उफाळतो. विचार मात्र होत नाही. तान्ह्या मुलाची सुंता करावी की नाही, हा वाद पाश्चात्त्य देशांत अनेक दशके चालू आहे. त्या वादाचा इतिहास पाहिला तर धर्माइतकाच पैसा आणि प्रतिष्ठा यांचाही त्यात हात असल्याचे दिसते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तो देश बहुसंख्य ख्रिस्ती आणि ख्रिस्ती धर्मात सुंतेची सक्ती नाही. तरीही विसाव्या शतकात तेथे बहुसंख्य नवजात मुलांची सुंता होऊ लागली. ही प्रथा आली कोठून? १८७० साली न्यूयॉर्कच्या लुईस सेअर या नामवंत डॉक्टरने सुंतेने लहान मुलाचा लुळेपणा बरा केल्याचा दावा केला. पुढे जॉन हार्वे केलॉग यांनी, म्हणजे कॉर्न फ्लेक्सशी ज्यांचे नाव जोडले गेले त्याच डॉक्टरांनी, हस्तमैथुनाची सवय मोडण्यासाठी भूल न देता मुलांची सुंता करावी असा सल्ला दिला. वेदना ही शिक्षा म्हणून उपयोगी पडते, असा त्यांचा तर्क होता! हे सारे त्या काळी विज्ञान म्हणून खपले. पुढे बाळंतपणे घरातून इस्पितळात गेली. डॉक्टरच्या हातून जन्म होणे हे सुस्थितीचे लक्षण ठरले आणि सुंता ही त्या सुस्थितीची खूण झाली. बापाची झाली म्हणून मुलाची, एवढ्यावर परंपरा उभी राहिली.

इंग्लंडातही वरच्या आणि मध्यम वर्गात ही प्रथा रुजली होती. परंतु १९४८ साली तेथे सरकारी मोफत आरोग्यसेवा आली आणि वैद्यकीय कारणाशिवाय होणाऱ्या सुंतेचा खर्च तिने उचलला नाही. १९४९ साली डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले की तान्ह्या मुलाची कातडी मागे न सरकणे हा रोग नसून निसर्गक्रम आहे, आणि या शस्त्रक्रियेपायी दरवर्षी सोळाच्या आसपास मुले दगावतात. काही वर्षांतच तेथील सुंतेचे प्रमाण झपाट्याने घसरले. अमेरिकेत मात्र विमा कंपन्या पैसे देत राहिल्या आणि प्रथा टिकली.

तेथे गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना आहे. काही राज्यांत ती सुंतेचा खर्च देते, काही राज्यांत देत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खर्च देणाऱ्या राज्यांतील इस्पितळांत सुंतेचे प्रमाण इतरांपेक्षा २४ टक्के अंकांनी जास्त आढळले. मुलांची शरीरे राज्याची सीमा ओलांडली की बदलतात काय? बदलते ते बिल भरणारे खाते.

कापलेली कातडीही वाया जात नाही. तिच्यातील पेशी वाढवून पायावरच्या न भरणाऱ्या जखमांसाठी कृत्रिम त्वचा तयार होते. असे एक उत्पादन १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याने रुग्णांचे भले होत असेल, पण ज्याच्या देहातून ती आली त्याला कोणी विचारले?

सुंतेचे फायदे नाहीतच, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी घटला. त्यावरून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतील जास्त लागण असलेल्या प्रदेशांसाठी शिफारस केली. परंतु त्या चाचण्या स्वतःहून तयार झालेल्या मोठ्या पुरुषांवर झाल्या. पाळण्यातले मूल होय म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही.

दुसरा धोकाही ओळखला पाहिजे. २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुंताबंदीच्या प्रचारात ज्यूंना राक्षसी रूपात रंगवणारे चित्रपुस्तक निघाले. २०१२ साली जर्मनीतील कोलोन येथील न्यायालयाने एका मुसलमान मुलाच्या सुंतेला शारीरिक इजा ठरवले, तेव्हा ज्यू आणि मुसलमान दोघेही धास्तावले. त्याच वर्षी तेथील संसदेला कायदा करून अटींसह परवानगी द्यावी लागली. मुलाच्या हक्काचे नाव घेऊन अल्पसंख्याकांना झोडपणारे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांच्या रांगेत आपण उभे राहता कामा नये. सुधारणेचा आवाज त्या त्या समाजातून उठला पाहिजे आणि तो उठवणाऱ्यांना आपली साथ हवी.

२ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते की या देशात धर्माने जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सारे जीवन व्यापले आहे, त्याला मर्यादा घातल्याशिवाय समाजसुधारणा होणार नाही. आज धर्माच्या जोडीला बाजारही तेच करू पाहतो. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडते, खाडा झाला की मुकादम दंड लावतो आणि खासगी दवाखान्याला शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. तेथे कोणत्या धर्मग्रंथाने आज्ञा दिली होती?

परंपरेने सांगितले म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, अशी शिकवण तथागतांनी कालामांना दिली. ती मौलवी आणि भटजीपुरती नाही, पांढऱ्या कोटातल्या माणसालाही लागू आहे. देहावर सुरी चालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : गरज कोणाची, पैसा कोणाचा आणि संमती कोणाची? विशेषतः ज्याला अजून बोलताच येत नाही, त्याच्या वतीने हे प्रश्न विचारणे आपले काम आहे.