सुटीतील सहल आणि शाळेचे दार

वैशाखाचे ऊन कोकणात तापू लागले की पेणच्या बाजारपेठेत हंगामाची लगबग सुरू होते. पोहे-पापडांची खरेदी करणाऱ्यांची दुकानांत वर्दळ असते, तर गावातील आणि हमरापूर-जोह्याकडील गणपतीच्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा वाढत जातात. व्यापारी कुटुंबाला या दिवसांत उसंत नसते. विद्यार्थ्यांना मात्र सुटी असते. अशाच एका दुकानदाराच्या घरातील, बी.एड.चे पहिले वर्ष पूर्ण केलेली कन्या डोळ्यांसमोर आणावी. मैत्रिणींबरोबर पेण ते रोहा अशी दोन दिवसांची सहल तिने ठरविली आहे. पिशवीत पाण्याची बाटली आणि घरचे खाखरे आहेत. त्यांच्यासोबत महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे एक पत्रही आहे. जूनच्या मध्यास शाळा उघडण्यापूर्वी आंतरवासितेसाठी एखाद्या शाळेची संमती मिळवावी, हा सहलीमागचा दुसरा हेतू आहे.

निघताना वडील एकच प्रश्न विचारतात, "बेटा, घरापासून चार पावलांवर शाळा असताना रोह्यापर्यंत कशाला जायचे?" प्रश्न काळजीपोटी आलेला आहे, आणि त्याचे उत्तर सोपे नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि त्यात एकूण २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता घातली. पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे छात्राध्यापकाने प्रत्यक्ष शाळेत राहावयाचे असते. पाठांचे टाचण काढणे आणि वर्गावर शिकविणे एवढ्यावर हे काम संपत नाही. हजेरीपट, परिपाठ, मूल्यमापन, पालकांची भेट हे सारे त्यात येते. व्यापारी घराला ही रीत नवी नाही. मुलगा एकदम गादीवर बसत नाही. तो आधी माल उतरवून घेतो, वजन करतो, उधारीची वही लिहितो, गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखावयास शिकतो. पेढीवरची उमेदवारी आणि शाळेतील आंतरवासिता यांचे मर्म एकच आहे: काम जेथे चालते तेथे बसल्यावाचून ते येत नाही.

सहलीचा पहिला मुक्काम पेण तालुक्यातील गागोदे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी आचार्य विनोबा भावे यांचा जन्म या गावी झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरले आणि काशीस गेले. त्याच सुमारास त्यांनी आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली होती. पुढे आयुष्यभर मात्र ते शिकत आणि शिकवीत राहिले. जैन समाजावर तर त्यांचे विशेष ऋण आहे. सर्व संप्रदायांना मान्य असा एक ग्रंथ सिद्ध व्हावा, असा आग्रह त्यांनी धरला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७४ मध्ये दिल्लीत संगीती भरली आणि जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ मान्य झाला. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये विनोबांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, म्हणजेच महावीर निर्वाणदिनी, पवनार येथे देह ठेवला. पिशवीत शिफारसपत्र घेऊन आलेल्या विद्यार्थिनीला हे गाव एक गोष्ट सांगते. कागदाने शाळेचे दार उघडते. आत गेल्यावर उपयोगी पडते ती स्वतःची शिकण्याची तयारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेण स्थानकातून रोह्याची गाडी मिळते. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा, असा हा छोटा प्रवास. या पट्ट्यातील वीटभट्ट्या सहलीला निघालेल्या नजरेला सहज दिसत नाहीत. शिक्षिका होऊ पाहणाऱ्या नजरेने त्या पाहावयासच हव्यात. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. भाताची कापणी आणि दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आईवडिलांबरोबर मुलेही जातात. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला तो मोफत शिक्षणाची हमी देतो. स्थलांतरित मुलाला जेथे जाईल तेथील शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाचीही सोय आहे. तरीही भट्टीवर गेलेले मूल वर्गात परत येईल की नाही, हे पुष्कळदा एका शिक्षकाच्या आठवणीवर आणि चौकशीवर अवलंबून असते.

येथे हिशेब मांडून पाहावा. जुलैच्या आरंभी सुरू झालेले १६ आठवडे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात संपतात. कातकरी वाडीतील मूल गावात असण्याचे महिनेही जवळजवळ तेच. आंतरवासिता ही विद्यार्थिनीच्या दृष्टीने गुणपत्रिकेतील एक नोंद असेल. त्या मुलाच्या दृष्टीने ते बहुतेक सगळे शालेय वर्षच असते. ते दिवस पाट्या टाकण्यात गेले, तर तोटा कोणाच्या खात्यावर पडतो, हे व्यापाऱ्याच्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही.

कुंडलिकेच्या काठचे रोहा हे धावीर महाराजांचे गाव. कोकण रेल्वेचा मार्गही येथूनच पुढे सुरू होतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण बव्हंशी याच गावी गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. रुपयाचा कारभार पाहणारा हा माणूस पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचा अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचा कुलगुरू झाला. हिशेब आणि विद्या एका घरात सुखाने नांदू शकतात, याचा याहून जवळचा दाखला कोणता?

शाळेच्या कार्यालयात जाताना काही पथ्ये पाळावीत. सरावशाळा ठरविण्याची आपल्या महाविद्यालयाची रीत आधी विचारून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी शाळा महाविद्यालयच नेमून देते. मुख्याध्यापकांना आधी कळवून, कार्यालयाच्या वेळेतच भेटावे. कोणते विषय शिकविता येतील, सहावी ते आठवी की नववी-दहावी, रोजचे येणे-जाणे कसे होईल, हे स्वतःहून सांगावे. संमती लेखी घ्यावी. आणि मुलांविषयी एक प्रश्न आवर्जून विचारावा: दिवाळीनंतर वर्गातील किती मुले दिसेनाशी होतात? तो ऐकल्यावर समोरची व्यक्ती या मुलीकडे केवळ पाहुणी म्हणून पाहणार नाही. परतताना शाळेपासून वाडीपर्यंतची वाट चालून पाहावी. मे महिन्यात कोरडा असलेला ओढा जुलैत कमरेइतका असतो. मूल उशिरा का आले, याचे कारण तेव्हा विचारावे लागत नाही.

सायंकाळी पेणला परतलेल्या मुलीजवळ वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असते. घराजवळची शाळाही चांगलीच आहे. परंतु तिची गरज जेथे अधिक आहे, ती शाळा गाडीने थोड्या अंतरावर आहे. काळजी रास्त असेल, तर गाडीच्या वेळा पाहून ठेवाव्यात, पहिल्या दिवशी सोबत जावे, दुकानातील जुने वजनकाटे आणि मापे गणिताच्या तासासाठी द्यावीत. मुलीला अडविण्यापेक्षा काळजीला असे काम लावणे अधिक श्रेयस्कर.

कार्तिक शुद्ध पंचमीला आपल्या घरांत ज्ञानाची पूजा होते आणि त्याच दिवशी, लाभपंचमी म्हणून, नव्या वर्षाचा व्यवहार सुरू होतो. ज्ञान आणि लाभ यांना पूर्वजांनी एकच तिथी दिली. ती तिथी येईपर्यंत या मुलीची आंतरवासिता संपलेली असेल आणि वाडीतील कुटुंबे निघण्याच्या तयारीत असतील. त्या दिवशी दुकानात नवी वही उघडताना वडिलांनी तिला एवढेच विचारावे, की तुझ्या वर्गातल्या किती मुलांजवळ हमी पत्रक आहे.