द्विभाषिक बोलपटातील चरित्र-नट : केशवराव दाते यांच्या तीन भूमिका

भाषांतराचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी स्वाभाविकपणे संहितेकडे जाते. मूळ आणि अनुवादित असे दोन पाठ शेजारी ठेवून काय राहिले, काय गळले, काय नव्याने आले याची तपासणी केली जाते. आरंभीच्या बोलपटांत मात्र संहितेइतकाच नटाचा आवाज आणि देहही एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यावा लागत असे. तो नेता येईल की नाही, हा प्रश्न नायक-नायिकांच्या बाबतीत सहसा लोकप्रियतेच्या हिशेबाने सुटे. दुय्यम वा चरित्र-भूमिकांच्या बाबतीत तो अधिक उघडा पडतो. या दृष्टीने 'प्रभात'च्या तीन चित्रपटांतील केशवराव दाते (१८८९-१९७१) यांच्या भूमिका तौलनिक अभ्यासाला महत्त्वाची सामग्री पुरवतात.

एकच चित्रपट दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित करण्याची प्रथा केवळ भारतीय नव्हती. १९३० साली बर्लिनमध्ये 'द ब्लू एंजल' जर्मन आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत तयार झाला आणि एमिल यानिंग्ज व मार्लेन डीट्रिश दोन्हींत राहिले. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'चे तसे झाले नाही. हॉलिवूडमध्ये त्याच नेपथ्यावर रात्रीच्या वेळी चित्रित झालेल्या स्पॅनिश आवृत्तीत बेला लुगोसीच्या जागी कार्लोस व्हियारियास आला. युरोप-अमेरिकेत ध्वनिबदल आणि उपशीर्षके यांची तंत्रे स्थिरावताच ही प्रथा मागे पडली. मराठीत ती अधिक काळ टिकली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून 'प्रभात'ने आपल्या अनेक प्रमुख चित्रपटांच्या मराठीबरोबर हिंदी आवृत्त्याही काढल्या. मराठी प्रेक्षकवर्ग निष्ठावंत असला तरी प्रदेशाने मर्यादित होता. खर्चाचा भार पेलण्यासाठी हिंदीचा विस्तृत बाजार आवश्यक होता.

दाते या व्यवहारात आले ते रंगभूमीवरील दोन भिन्न परंपरांचे संस्कार घेऊन. महाराष्ट्र नाटक मंडळी ही गद्य नाटकांची संस्था. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात तिने आपली प्रतिष्ठा उच्चारलेल्या शब्दावर उभी केली होती. गाण्याचा आधार नसलेल्या या रंगभूमीवर आवाजाचा चढउतार आणि वाक्याची फेक हेच नटाचे मुख्य साधन होते. दुसरा संस्कार 'नाट्यमन्वंतर'चा. १ जुलै १९३३ रोजी या संस्थेने रंगभूमीवर आणलेले 'आंधळ्यांची शाळा' हे श्री. वि. वर्तक यांचे नाटक ब्यॉर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवर आधारलेले होते. तेथे आटोपशीर, घरगुती वळणाच्या वास्तव अभिनयाचा पुरस्कार होता आणि दाते त्या प्रयोगात सहभागी होते. पुढील वर्षी ते 'प्रभात'च्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले तेव्हा वक्तृत्व आणि संयम अशा दोन्ही शैली त्यांना अवगत होत्या.

'अमृतमंथन' (१९३४) हा कोल्हापुराहून पुण्यास आल्यानंतरचा 'प्रभात'चा पहिला चित्रपट. त्याला आधार होता नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीचा. बळीची प्रथा बंद करू पाहणाऱ्या राजाविरुद्ध कट रचणारा राजगुरू हे त्यातील प्रेरक पात्र. मराठीत ही भूमिका दात्यांनी केली, तर हिंदीत ती चंद्रमोहन या नवोदित नटाकडे गेली. राजगुरूची सत्ता त्याच्या वाणीत आहे. तो आज्ञा देतो, शपथा घालतो, धर्माचा अर्थ लावतो. अशा पात्राचे उच्चारण परके वाटले तर त्याचा अधिकारच डळमळतो. हिंदी आवृत्तीत ही सत्ता वाणीइतकीच दृष्टीतूनही व्यक्त झाली. पडदा व्यापणारा चंद्रमोहन यांचा डोळा भारतीय चित्रपटाच्या इतिहासात अढळ झाला. राजगुरू म्हटले की आज चंद्रमोहन आठवतात. एका भाषेतील आवृत्ती दुसरीच्या स्मृतीवर कशी मात करते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

'कुंकू' (१९३७) या चित्रपटात परिस्थिती उलट दिसते. हाही चित्रपट आपट्यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला. तरुण नीरेशी लग्न करणाऱ्या वृद्ध विधुर वकिलाची, काकासाहेबांची भूमिका दात्यांनी मराठीत आणि 'दुनिया न माने' या हिंदी आवृत्तीतही केली. नायिका शांता आपटे हीही दोन्हींत तीच. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके आणि घरातील इतर नैसर्गिक आवाज यांवरच त्याची ध्वनिरचना उभी आहे. काकासाहेबांची शोकांतिका शब्दांत फारशी मांडलेली नाही. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाशी त्यांचे नाते, आरशाच्या तुकड्यांत विखुरलेले त्यांचे प्रतिबिंब, अपराधाची हळूहळू येणारी जाणीव हे सारे मौनात घडते. ज्या भूमिकेचा अर्थ अशा विरामांत साठवलेला असतो, ती भाषेची सीमा नटासह ओलांडू शकते. लाँगफेलो यांची 'ए साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविता नीरेच्या तोंडी जशीच्या तशी येते, हेही येथे लक्षात घ्यावे. ज्या कृतीत मूळ इंग्रजी काव्य अननुवादित राहू शकते, तीत मराठी नटाचा हिंदी उच्चारही सामावला जावा, हे सुसंगतच आहे.

'शेजारी' (१९४१) हे तिसरे आणि सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण. विश्राम बेडेकर यांच्या कथेत एका गावातील हिंदू पाटील जिवबा आणि मुसलमान मिर्झा यांची मैत्री धरणाच्या निमित्ताने विस्कटते. शेवटी फुटणाऱ्या धरणावर दोघे एकत्र मरण पत्करतात. मराठीत जिवबा दाते आणि मिर्झा गजानन जागीरदार होते. 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत, जिचे संवाद सुदर्शन यांचे होते, मिर्झा जागीरदारच राहिले. जिवबाचा मात्र ठाकूर झाला आणि ती भूमिका मझहर खान यांनी केली. परिणामी हिंदी चित्रपटात हिंदू नट मुसलमान शेजारी आणि मुसलमान नट हिंदू शेजारी अशी अदलाबदल साधली. १९४० च्या लाहोर ठरावानंतर अवघ्या काही महिन्यांनी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात तिला जो अर्थ प्राप्त झाला, तो मराठी आवृत्तीत नाही आणि त्यात असण्याचे कारणही नाही. पाटील ही मराठी ग्रामव्यवस्थेतील संस्था आहे. तिचा 'ठाकूर' हा प्रतिशब्द सामाजिक दृष्ट्या जवळचा असला तरी वेगळ्या भूमीतला आहे. येथे नट बदलला, कारण पात्राचा गावही बदलला, असे म्हणता येईल.

या तीन भूमिकांतून एक नियम सुचतो. पात्राची ओळख जितकी अधिक बोलीत आणि सामाजिक पदात रुजलेली, तितके त्याचे दुसऱ्या भाषेतील प्रतिरूप दुसऱ्या नटाकडे जाण्याचा संभव अधिक. ती जितकी अधिक वर्तनात आणि मौनात, तितका तोच नट टिकण्याचा संभव अधिक. जागीरदारांचा मिर्झा दोन्ही आवृत्त्यांत टिकला, कारण त्याची भाषा मराठी गावातही हिंदुस्थानीच्या छायेत वावरणारी असणे प्रेक्षकाला स्वाभाविक वाटत होते. हा अपवाद नियमाला बळकटी देतो.

दात्यांची पुढील वाटचालही याच दिशेने पाहता येते. 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) मध्ये ते सोलापूरच्या कोटनिसांचे वडील झाले, तर 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) मध्ये नृत्यगुरू मंगल महाराज. आता मराठी जुळी आवृत्ती नव्हती. हिंदी चित्रपटाने या मराठी नटासाठी पिता आणि गुरू या जागा राखून ठेवल्या. त्या पूज्य खऱ्या, पण कथेच्या कडेच्या. राजगुरू ते मंगल महाराज हा प्रवास एका नटाचा आहे तसाच एका भाषेच्या स्थानाचाही आहे. द्विभाषिक चित्रपटाच्या काळात मराठी ही मूळ संहितेची भाषा होती. तो काळ सरल्यावर ती हिंदी चित्रपटात मागे उरली ती प्रामुख्याने अशा वृद्ध, विश्वासार्ह आवाजांच्या रूपाने. चित्रपटांचे तौलनिक वाचन करताना श्रेयनामावलीतील दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीही तितक्याच बारकाईने वाचाव्या लागतात, त्या यासाठी.