टोपणनावावरून गाव कळते, खेळ नाही

भंडारा (प्रतिनिधी) : पोळ्याच्या मागेपुढे विदर्भातील अनेक गावांत ताशपत्त्यांचे फड बसतात आणि त्याच दिवसांत पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्याही आमच्या टेबलावर येऊन पडतात. झाडीपट्टीतील आपला जिल्हा त्याला अपवाद नाही. या फडांवर बसणाऱ्यांना टोपणनावे असतात. परंतु ती त्यांनी स्वतः घेतलेली नसतात. वर्षानुवर्षांचे हरणे-जिंकणे पाहून गावाने ती बहाल केलेली असतात. त्यामुळे समोरचा किती पाण्यात आहे, याचा थोडाफार अंदाज तेथे नावावरून बांधता येतो.

इंटरनेटवरील पोकरच्या टेबलावर नेमके याच्या उलट घडते. तेथे खेळाडू खाते उघडताना आपले बारसे आपणच उरकतो. पोकरच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते सर्वांसाठी मध्ये उघडले जातात आणि दरम्यान बोली लागत जाते. समोरच्याकडे खरोखरच भारी पत्ते आहेत की तो नुसताच आव आणतो आहे, हे ओळखण्यात या खेळाचे निम्मे मर्म आहे. प्रत्यक्ष बैठकीत त्यासाठी माणूस समोर असतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असे आढळले, की व्यावसायिक खेळाडूंच्या चेहऱ्यावरून त्यांच्या पत्त्यांचा थांग लागत नाही. मात्र पैजेच्या चकत्या पुढे सरकवणाऱ्या हातांच्या हालचालींवरून तो बऱ्यापैकी लागतो. संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर ना चेहरा दिसतो ना हात. उरते ते केवळ नाव, आणि म्हणूनच खेळणारे त्या नावात अर्थ शोधू लागतात.

त्यांचे ठोकताळे ऐकण्यासारखे असतात. नावात ‘राजा’, ‘किंग’, ‘एक्का’ असे शब्द असले म्हणजे गडी उतावळा समजायचा. नावापुढे जन्मसाल असले म्हणजे हौशी. एखाद्या क्रिकेटपटूचे नाव घेतलेले असेल तर तो रविवारचा पाहुणा. आणि अर्थहीन अक्षरांची जुळणी असेल तर मात्र सावध राहायचे, कारण मुरलेल्या खेळाडूला नावाची हौस नसते. या ठोकताळ्यांत तथ्याचा अंशही नसेल असे म्हणवत नाही. परंतु त्यांत एक मूलभूत खोट आहे, ती वेळेची. नाव घेतले जाते ते पहिल्या दिवशी, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकच जण नवशिका असतो. बहुतेक ठिकाणी ते नाव पुढे सहजासहजी बदलताही येत नाही. म्हणजे नावावरून फार तर खाते उघडणारा त्या दिवशी कसा होता ते कळेल. मधल्या काळात त्याने किती डाव पचवले, ते नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नॉर्वेचे आहे. अॅनेट ओब्रेस्टाड या मुलीने वयाच्या पंधराव्या वर्षी इंटरनेटवर पोकर खेळायला सुरुवात केली आणि नाव घेतले ‘अॅनेट_१५’. मुलीचे पहिले नाव आणि पुढे कोवळे वय. वरील ठोकताळ्यांनुसार याहून सोपे सावज नाही. हीच मुलगी २००७ मध्ये लंडनला झालेल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोप’ची मुख्य स्पर्धा जिंकली, तीही एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. बक्षीस होते १० लाख पौंडांचे. बुद्धिबळातही असाच प्रकार घडला. २०१८ मध्ये ‘लिचेस’ या संकेतस्थळावर ‘डॉक्टर ड्रंकनस्टाइन’, म्हणजे झिंगलेले डॉक्टर, अशा नावाने कोणी एक खेळाडू नामांकितांच्या स्पर्धा जिंकू लागला. तो तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन होता! मात्र बुद्धिबळात नावाशेजारी गुणांकन छापलेले असते, त्यामुळे नावाला फसण्याचे प्रसंग कमी. पोकरच्या टेबलावर असा आकडा नसतो.

मग नावावरून काहीच कळत नाही का? कळते, पण ते वेगळेच. आपल्याकडचे तरुण समाजमाध्यमांवर आणि खेळांच्या खात्यांवर नावापुढे हौसेने ‘एमएच ३६’ जोडतात. वाहनांच्या पाटीवरील हा क्रमांक भंडाऱ्याचा, हे महाराष्ट्रात कोणालाही शोधता येते. त्यापुढे जन्मसाल असले म्हणजे वयही कळले. तेच नाव इतर चार ठिकाणी वापरलेले असेल तर छायाचित्र, मित्रमंडळी, प्रसंगी भ्रमणध्वनी क्रमांकही हाती लागतो. खेळाचे कौशल्य झाकलेलेच राहते आणि माणूस मात्र उघडा पडतो.

नावाचा खरा परिणाम होतो तो ते वाचणाऱ्यावर. २०१० मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नवशिक्या खेळाडूंपुढे प्रतिस्पर्धी म्हणून निरनिराळे चेहरे दाखवण्यात आले. चेहऱ्याचा आणि पत्त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. तरीही समोर विश्वासू वाटणारा चेहरा आला, की खेळणाऱ्यांना निर्णयाला अधिक वेळ लागे आणि चुकाही अधिक होत. हा प्रयोग चेहऱ्यांचा होता, नावांचा नव्हे, हे मान्य. परंतु निरर्थक खुणेनेही हात आखडतो किंवा सैल सुटतो, एवढे त्यावरून दिसते. ‘भोळा_९८’ नावाच्या गड्यासमोर आपण दोन बोली जास्त लावल्या, तर त्यात त्याचे कौशल्य किती आणि आपला भ्रम किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कौशल्य दिसते ते खेळीत. शंभर डावांपैकी किती डावांत खेळाडू आपण होऊन पैसे लावतो, हा त्यातला पहिला आकडा. सहा जणांच्या टेबलावर जाणकार साधारणतः वीस-पंचवीस डाव खेळतो आणि बाकीचे टाकून देतो. नवखा निम्मे डाव खेळतो, कारण पत्ते टाकण्याचा त्याला कंटाळा येतो. मात्र नफा-तोटा कौशल्याचा की नशिबाचा, हे ठरवायला हजारो डावांची नोंद लागते. अशा नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअर २००० नंतरच्या दशकात आली आणि नावाला निराळेच मोल आले. नावाचा अर्थ गौण ठरला. ते नाव म्हणजे खतावणीतले खाते झाले. नवख्यांना हेरून लुटण्यासाठीच त्याचा वापर होऊ लागल्याने ‘बोडॉग’ या संकेतस्थळाने २०११ मध्ये टेबलावरची नावेच काढून टाकली. ‘पार्टीपोकर’ने २०१९ मध्ये खेळाडूंना नवी नावे घेण्याची संधी दिली.

नोंदी असूनही माणूस अनोळखी राहू शकतो, हे ‘इसिल्दुर१’ने दाखवले. टोल्किनच्या कादंबरीतील राजाचे हे नाव घेऊन २००९ च्या हिवाळ्यात कोणी एक जण जगातील नाणावलेल्या खेळाडूंशी लाखो डॉलरचे डाव खेळू लागला. ८ डिसेंबर रोजी एका दिवसात त्याने सुमारे ४२ लाख डॉलर गमावले. तो व्हिक्टर ब्लोम नावाचा स्वीडिश तरुण असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले ते जानेवारी २०११ मध्ये.

याहून वाईट प्रकार ‘अॅब्सोल्यूट पोकर’वर २००७ मध्ये उघडकीस आला. ‘पॉटरिपर’ नावाचा खेळाडू इतका अचूक खेळत होता, की हरलेल्यांना संशय आला. त्यांच्यापैकी एकाने नोंदी मागवल्या. कंपनीकडून चुकून सर्वांच्या झाकल्या पत्त्यांसह नोंद पाठवली गेली. दुसऱ्या एका खात्यातून सगळ्यांचे पत्ते पाहिले जात असल्याचे त्यावरून स्पष्ट झाले. ज्याला लोक कौशल्य समजत होते, ती चोरी होती. आणि आता तर नावामागे माणूस असेलच याचीही शाश्वती नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुक यांच्या ‘प्लुरिबस’ या संगणक कार्यक्रमाने २०१९ मध्ये सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवले.

आपल्या शेजारचे उदाहरण पोकरचे नाही, पण पडद्यामागे काय चालते ते सांगणारे आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. पोलिसांनी संशयिताच्या गोंदियातील घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. ॲपमध्येच फेरफार होता, असा पोलिसांचा आरोप आहे. तेव्हा प्रश्न प्रतिस्पर्ध्याच्या कौशल्याचा उरतच नाही.

कौशल्य की नशीब, हा वाद आपल्या न्यायालयांतही जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला तो दर्जा नाकारला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या आणि २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र हा भेदच बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यानंतर देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. ज्यांची या मार्गाने फसवणूक झाली आहे, त्यांना सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रार करताना समोरच्याचे टोपणनाव आणि व्यवहाराचा तपशील जपून ठेवलेला असल्यास तपासाला मदत होते.