दारांचे रंग बदलतात, ओटा राहतो

कुणाचं नवं घर बघायला गेलो की हॉलमधल्या फॉल्स सीलिंगचं तोंडदेखलं कौतुक करून मी थेट स्वयंपाकघर गाठतो आणि ओट्याच्या पुढच्या कडेखाली बोटं फिरवतो. खालून बारीक, सलग खाच हाताला लागली की समजावं, कारागीर जाणता आहे. सांडलेलं पाणी त्या खाचेशी अडतं आणि थेंबाथेंबानं खाली पडतं. खाच नसली तर दगडाच्या पोटाखालून आत शिरतं नि शटरचं प्लायवूड फुगवतं. बायको म्हणते, “लोकांकडे तरी ओटे चाचपू नका!”

सध्याची फॅशन सांगायची तर चकचकीत लाल-जांभळ्या शटर्सचे दिवस गेले. आता मॅट फिनिश, फिकट हिरवा किंवा राखाडी रंग, लाकडी पोताचं लॅमिनेट, उभ्या रेघांची काच आणि मूठ नसलेले ड्रॉवर. त्यात ओपन किचन. चिमणी कितीही दमदार असो, सुक्या बोंबलापुढे तिचं काही चालत नाही, हे माझं ठाम मत.

या आखीवरेखीव किचनची आजी म्हणजे १९२६ चं ‘फ्रँकफर्ट किचन’. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरमध्ये ते बसवलं आणि तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं झाली. आपल्याकडे चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक उभ्यानं होऊ लागला आणि ओटा आला. इतिहास एवढा पुरे, दगडाकडे वळू.

पहिला मान कडाप्प्याचा. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचं नाव मिरवणारा हा काळा दगड म्हणजे चुनखडक. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की आम्ल त्याला खातं आणि पांढुरके डाग उठतात. म्हणून तो ओट्यावरून उतरला. पण ओट्याखालच्या उभ्या फळ्या आणि मांडणीत अजून टिकून आहे. त्याच्या जागी काळा ग्रॅनाइट आला. गंमत अशी, की बाजारातला बराचसा ‘काळा ग्रॅनाइट’ भूशास्त्राच्या हिशेबात ग्रॅनाइटच नव्हे. सोनेरी ठिपक्यांचा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, आणि तो गॅब्रो जातीचा. गॅब्रो हा आपल्या सह्याद्रीतल्या बसाल्टचा सख्खा भाऊ: घटक जवळपास तेच. शिलारस वर येऊन भरकन थंड झाला तो बसाल्ट, खोल जमिनीत सावकाश निवला तो गॅब्रो. म्हणजे बसाल्टचा पाटा-वरवंटा गेला तरी त्याचं गोत्र ओट्यावर आहेच!

आता मागणी पांढऱ्या क्वार्ट्झला. यात साधारण नव्वद टक्के क्वार्ट्झची भुकटी नि खडी, बाकी मुख्यतः रेझिन. रेझिनला गरम कढईचा चटका सोसत नाही, आणि पांढऱ्यावर ओल्या हळदीचा डाग बसला की जाता जात नाही. त्याहून गंभीर म्हणजे हा दगड कापताना उडणारी सिलिकाची धूळ. कारागिरांच्या फुप्फुसांना सिलिकोसिस होतो म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. आपल्याकडे कापणारा पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून बसलेला मी पाहिलाय. शोभेसाठी एवढी किंमत मला पटत नाही.

आणि उंची? ती कॅटलॉगात बघून ठरवू नये. ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा हवा. शेगडी ओट्यावर ठेवली की भांडं आणखी वर जातं, म्हणून शेगडीखालचा भाग थोडा खाली घेतलेला बरा. कणीक मळायला आणि पोळ्या लाटायलाही जरा ठेंगणी जागाच सोयीची, कारण जोर वरून लावावा लागतो.

शटर्स कधीही बदलता येतात. ओटा फोडायचा तर गॅस, नळ, टाइल्स सगळंच उचकटावं लागतं. तेव्हा पैसे आधी दगडावर आणि कारागिरावर घालावेत, उरतील ते रंगावर. आणि माप घ्यायला माणूस येईल तेव्हा घरात रोज पोळ्या लाटणाऱ्यालाच पुढे उभं करावं. बाकीच्यांनी खुशाल हिरव्याच्या छटा निवडाव्यात.