बर्फावरील हॉकी : मुलांच्या संरक्षणसाधनांची सक्ती का करावी लागली?

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि मेजर ध्यानचंद उभे राहतात. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. पायांत पोलादी पात्यांचे स्केट्स घालून गोठलेल्या रिंगणात खेळला जाणारा हा खेळ कॅनडाने १९९४ मध्ये कायद्याने राष्ट्रीय हिवाळी खेळ ठरविला. आपल्या देशात तो प्रामुख्याने लडाखमध्ये खेळला जातो. यात चेंडू नसतो, तर १५६ ते १७० ग्रॅम वजनाची, कडक रबराची ‘पक’ नावाची चकती असते. व्यावसायिक खेळाडूने फटकावलेली ही चकती ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकते. शिवाय उंचावलेल्या काठ्या, पायांतील धारदार पाती आणि रिंगणाभोवतीचे टणक कठडे आहेतच.

असे असूनही कित्येक दशके खेळाडू उघड्या डोक्यानेच खेळत असत. जानेवारी १९६८ मध्ये बिल मास्टरटन हा व्यावसायिक खेळाडू सामन्यात बर्फावर डोके आपटून मरण पावला. तरीही उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगने शिरस्त्राणाची सक्ती केली ती १९७९ मध्ये, आणि तीही केवळ नव्याने येणाऱ्या खेळाडूंना. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७३ मधील एका निबंधात या विसंगतीचा उलगडा केला. शिरस्त्राणाने दृष्टीला किंचित अडथळा होतो आणि इतर कोणी घालीत नाहीत, म्हणून एकेकटा खेळाडू ते घालीत नाही. परंतु नियम सर्वांनाच लागू होणार असेल, तर तोच खेळाडू त्या बाजूने मत देईल. पुण्यातील हेल्मेटसक्तीचा वाद ज्यांना आठवतो त्यांना ही मनोवृत्ती अपरिचित वाटणार नाही. मात्र प्रौढ मनुष्य ‘माझे डोके, माझी मर्जी’ असे म्हणू शकतो. बारा वर्षांच्या मुलाच्या वतीने असे कोणी म्हणावे?

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न धसास लावला तो टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. टॉम पॅशबी यांनी. १९५९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या मुलाला या खेळात डोक्याला दुखापत झाली होती. पुढे त्यांनी देशभरातील नेत्रतज्ज्ञांकडून हॉकीतील डोळ्यांच्या दुखापतींची माहिती गोळा केली. १९७४-७५ च्या एकाच हंगामात २५८ दुखापतींची नोंद झाली आणि त्यांत ४३ डोळे कायमचे निकामी झाले होते. अनेक जखमी शाळकरी वयाचे होते. या आकड्यांपुढे ‘खेळातला मर्दानीपणा जाईल’ हा आक्षेप फार काळ टिकला नाही. कॅनेडियन स्टँडर्ड्स असोसिएशनने शिरस्त्राण व चेहरारक्षक जाळी यांची मानके ठरविली आणि सत्तरचे दशक संपता संपता मुलांच्या खेळात प्रमाणित साधनांची सक्ती होऊ लागली. येथे ‘प्रमाणित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जाळीच्या तारांमधून पक किंवा काठीचे टोक डोळ्यापर्यंत पोहोचता कामा नये, हे तपासूनच साधनावर मानकचिन्ह लावले जाते, आपल्याकडील आय. एस. आय. चिन्हासारखीच ही व्यवस्था आहे. परिणाम असा की, पूर्ण चेहरा झाकणारी प्रमाणित जाळी वापरणाऱ्या मुलांमध्ये डोळा गमावण्याचे प्रकार जवळजवळ नाहीसे झाले.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. १९८० च्या सुमारास मानेच्या मणक्याच्या गंभीर दुखापती वाढल्याचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. चार्ल्स टेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत आढळून आले. पाठीमागून धक्का बसलेला मुलगा डोक्यावर कठड्याला आदळे. संरक्षण आहे या भरवशावर खेळ अधिक धसमुसळा झाला, असेही काही अभ्यासकांचे मत पडले. साधन त्यावर इलाज करू शकत नव्हते, नियमच करावा लागला. १९८५ च्या सुमारास कॅनडात पाठीमागून धक्का देण्याविरुद्ध कडक नियम आला. कवटीचे अस्थिभंग टाळणारे शिरस्त्राण आत मेंदूला बसणारा हादरा पुरता रोखू शकत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. म्हणून अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत अंगाने धडक देण्यास अमेरिकेत २०११ मध्ये आणि कॅनडात २०१३ मध्ये बंदी झाली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अॅडम जॉन्सन या खेळाडूच्या मानेला स्केटचे पाते लागून त्याचा मृत्यू झाला. कॅनडातील मुले गळापट्टा पूर्वीपासूनच वापरीत होती. अमेरिकेतील मुलांना तो ऑगस्ट २०२४ पासून बंधनकारक झाला.

खर्चाचा प्रश्न मात्र आहे. शिरस्त्राण, जाळी, गळापट्टा, खांदे, कोपरे व नडग्यांची कवचे आणि हातमोजे एवढा सरंजाम वाढत्या वयाच्या मुलासाठी वारंवार बदलावा लागतो. साहजिकच जुनी साधने एका घरातून दुसऱ्या घरात जातात. कवचांच्या बाबतीत त्यास फारशी हरकत नसते. शिरस्त्राणाच्या बाबतीत असते. अमेरिकेत त्याचे प्रमाणपत्र निर्मितीपासून साडेसहा वर्षांनी संपते, आणि तशी तारीख मागील बाजूस चिकटविलेल्या पट्टीवर छापलेली असते.