ऐकायला शिकवणारं नाटक

अंडाशय जेमतेम बदामाएवढं, ओटीपोटात खोल दडलेलं. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं तसं नाही: मुखाला सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावलं की संशयाची जागा मिनिटाभरात पांढरी पडते. प्रशिक्षित आरोग्यसेविकेलाही ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अशी भरवशाची चाळणी अजून नाही. तो बाहेर डोकावतो तो किरकोळ वाटणाऱ्या तक्रारींतून. पोट फुगलंय, दोन घासांत पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन बाईला घरी पाठवणं किती सोपं! म्हणून इथे ऐकणं हीच पहिली तपासणी. पण ऐकणं शिकवायचं कसं?

अमेरिकेत एक उत्तर थेट रंगमंचावरून आलं. मार्गारेट एडसन यांनी एका रुग्णालयाच्या कॅन्सर आणि एड्सच्या वॉर्डात काम केलं होतं. त्यांचं ‘विट’ हे नाटक १९९५ साली रंगभूमीवर आलं, १९९९ साली त्याला पुलित्झर मिळालं. नायिका व्हिव्हियन बेअरिंग इंग्रजी कवितेची प्राध्यापिका. तिला चौथ्या टप्प्यातला अंडाशयाचा कॅन्सर आहे. आतून तपासायला येतो तो जेसन, तिचाच जुना विद्यार्थी. तो तिला टेबलावर पाय अडकवून झोपवतो. मग त्याला आठवतं, तपासताना बाई हजर हवी. तिला तशीच ठेवून तो नर्सला शोधायला निघून जातो. परत येतो, तपासतो, गाठ हाताला लागते आणि दचकल्याचा उद्गार तिच्यासमोरच त्याच्या तोंडून निसटतो.

जेसन दुष्ट नाही, हुशार आहे. म्हणूनच तो टोचतो. अमेरिका-कॅनडातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत या नाटकाचे प्रयोग आणि अभिवाचनं झाली, नंतर विद्यार्थ्यांशी चर्चा. व्हिव्हियन प्रेक्षकांशी थेट बोलते, त्यामुळे एरवी खाटेच्या पायथ्याशी उभा राहणारा विद्यार्थी तासभर उशाकडून जग पाहतो. कुठल्या पाठ्यपुस्तकाला हे जमेल?

प्रेक्षक होण्यापलीकडचं पाऊल त्याआधीच पडलं होतं. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मज्जासंस्थातज्ज्ञाने एका मॉडेलला रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं. सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. आज ही पद्धत जगभर रुळली आहे. पुढे १९७०च्या दशकात आयोवा विद्यापीठात आतून तपासणी शिकवताना तर टेबलावरची बाईच शिक्षिका झाली. हात लावण्याआधी काय सांगायचं, दाब किती द्यायचा, कुठे दुखतंय, हे ती तपासणी चालू असतानाच विद्यार्थ्याला सांगते, आणि चुकलं तर थांबवून पुन्हा करायला लावते.