कलश, भग्न स्तंभ आणि क्रूस

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लंडनमधील चर्चची आवारे, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मृतांना पुरले जात असे, इतकी भरून गेली होती की जुन्या कबरी उकरून नव्यांसाठी जागा करावी लागे. या दुरवस्थेवर उपाय म्हणून खासगी कंपन्यांनी वस्तीबाहेर उद्यानांसारख्या आखलेल्या दफनभूमी उघडल्या, त्यांत केन्सल ग्रीन १८३३ मध्ये आणि हायगेट १८३९ मध्ये सुरू झाली. तेथे कबरीची जागा विकत मिळू लागल्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांनाही आपल्या माणसाचे स्मारक उभारणे शक्य झाले.

या स्मारकांवरील प्रत्येक चिन्हाला अर्थ होता. भग्न स्तंभ, म्हणजे वरून मोडल्यासारखा मुद्दाम घडवलेला खांब, अकाली खुंटलेल्या आयुष्याचा सूचक होता, तर उलटी मशाल मालवलेल्या प्राणाची आणि जहाजाचा नांगर ख्रिस्ती आशेचा. लहान मुलाच्या कबरीवर निजलेले कोकरू कोरले जाई. वस्त्राने अर्धवट झाकलेला अस्थिकलश विशेष लोकप्रिय होता, जरी त्याखालचा देह दहन न करता पुरलेला असे. कलश, स्तंभ आणि मशाल ही चिन्हे ग्रीक-रोमन परंपरेतली असल्याने वास्तुकार ऑगस्टस पुगिन याने १८४३ मध्ये ख्रिस्ती कबरीवरील अशा अख्रिस्ती चिन्हांवर कठोर टीका केली. त्याचा आक्षेप तर्काला धरूनच होता, परंतु ज्या क्रूसाचा तो आग्रह धरी, तो अनेक प्रॉटेस्टंटांना रोमन कॅथलिक पंथाची खूण वाटत असे, आणि म्हणून मध्ययुगीन गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन रुजल्यावरच, शतकाच्या उत्तरार्धात, क्रूस सर्रास दिसू लागला.

दगडाइतकाच शोक पेहरावातही बांधलेला होता. पती आल्बर्ट १८६१ मध्ये निवर्तल्यावर राणी व्हिक्टोरियाने १९०१ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, काळी वस्त्रे सोडली नाहीत. सामान्य विधवेकडूनही सुमारे दोन वर्षे क्रेप या निस्तेज काळ्या कापडाची आणि व्हिटबीच्या जेट या काळ्या अश्मीभूत लाकडाच्या दागिन्यांची अपेक्षा असे. विधुराला मात्र काळा पोशाख आणि टोपीवरची काळी पट्टी पुरत असे, आणि हा भेद अन्यायाचाच म्हटला पाहिजे. गरिबांची व्यथा त्याहून खोल होती: बेवारशासारखे सामाईक खड्ड्यात पुरले जाऊ नये, एवढ्यासाठी ते दफन-मंडळात आठवड्याला पेनी-पेनी साठवीत.

पहिल्या महायुद्धात मृतांची संख्या इतकी वाढली की हे सोपस्कार टिकणे अशक्य झाले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने अधिकारी आणि शिपाई यांना एकाच आकाराची साधी शिळा देण्याचे तत्त्व स्वीकारले. पुण्याजवळ खडकी येथील युद्ध-दफनभूमीची देखभाल हाच आयोग करतो.